पहिला क्रमांक सोडून खाली वाचावे: एलजीबीटी कलावंतांची नवी पॉप गाणी आणि चार साप्ताहिक याद्यांचे परीक्षण

दर आठवड्याला जाहीर होणाऱ्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवाऱ्या ही एक सेवाच आहे, आणि इतर कोणत्याही सेवेप्रमाणे तिचेही परीक्षण व्हायला हरकत नाही. येथे चार याद्यांचा विचार केला आहे: अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाची ‘हॉट 100’, ब्रिटनचा ‘ऑफिशियल सिंगल्स चार्ट’, स्पॉटिफायची देशवार साप्ताहिक यादी आणि यूट्यूबची भारतापुरती साप्ताहिक यादी. कसोटी मात्र एकच ठेवली आहे. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गावात, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर, जाहिराती सोसत गाणी ऐकणाऱ्या माणसापर्यंत समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी कलावंतांची नवी पॉप गाणी पोचवण्याच्या कामी या याद्या कितपत उपयोगी पडतात, एवढेच मला पाहायचे आहे. उपयोगी पडतात, हे आधीच सांगून टाकतो. पण वरची पाच नावे पाहून यादी बंद करणाऱ्याला त्यांचा फारसा लाभ होत नाही.

याच कामासाठी मुद्दाम बांधलेल्या याद्या असताना सर्वसाधारण क्रमवारीकडे का जावे, असा प्रश्न शहरातील वाचकाला पडेल. स्पॉटिफायवर ‘ग्लो’ नावाची एलजीबीटी कलावंतांच्या गाण्यांची यादी आहे आणि ती चांगली निवडलेलीही असते. परंतु गावात फोन एकाच्या नावावर असला तरी त्याला हात घरभराचे लागतात. धाकटा भाऊ त्यावर क्रिकेट पाहतो, आई भजन लावायला सांगते, आणि सोयाबीनच्या सवंगणीला आलेला पाहुणा ब्लूटूथ स्पीकर जोडून पुढचे गाणे कोणते आहे ते न विचारताच बघून घेतो. अशा फोनच्या पडद्यावर इंद्रधनुष्याचे चित्र उघडे ठेवणे प्रत्येकाला परवडतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 बाबत निकाल देऊन प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, त्यामुळे पोलिसांची भीती ओसरली. परंतु ओसरीवर बसलेल्या मंडळींच्या चौकशा त्या निकालाने थांबल्या नाहीत. ‘टॉप 50’ लावून ठेवलेल्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही. या आठवड्यात जगात काय चालू आहे ते ऐकतो आहे, एवढे उत्तर सगळ्यांना पुरते.

साप्ताहिक यादीत गाण्यावर कलावंताच्या ओळखीची चिठ्ठी लावलेली नसते, आणि खेड्यातील ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे असे माझे मत आहे. दुर्दैवाने तिचा सर्वांत मोठा दोषही तोच आहे. यादीच्या ओळीत गाण्याचे नाव, गायकाचे नाव, मागच्या आठवड्यातील स्थान, आजवरचे सर्वोच्च स्थान आणि यादीत काढलेले आठवडे एवढीच माहिती मिळते. हे गाणे आपल्यासारख्याच कोणीतरी गायले आहे, हे कळण्याची ज्या मुलामुलींना खरी गरज असते, त्यांना यादी ते सांगत नाही. ती त्यांना गाणे ऐकवते आणि पुढच्या गाण्याकडे नेते. या गुणाचा फायदा घेऊन दोषावर मात करायची असेल, तर यादी तयार कशी होते हे थोडे समजून घ्यावे लागते.

‘हॉट 100’ ही यादी 4 ऑगस्ट 1958 पासून निघते आणि सध्या ती अमेरिकेतील ऑनलाइन ऐकणी, रेडिओवरील प्रसारण आणि विक्री या तिन्हींचा एकत्र हिशेब मांडते. ऐकणी आणि विक्री यांसाठी आठवडा शुक्रवारी सुरू होऊन गुरुवारी संपतो, कारण जुलै 2015 पासून नवी गाणी जगभर शुक्रवारीच प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला आहे. ब्रिटनची यादी त्याहून जुनी, 14 नोव्हेंबर 1952 ची आहे. ऑनलाइन ऐकणी मोजायला तिने 2014 मध्ये सुरुवात केली. दोन्ही याद्या वर्गणी भरणाऱ्याच्या कानाला जास्त वजन देतात. ब्रिटनच्या नियमात ही गोष्ट आकड्यांतच दिसते: वर्गणीदारांनी एखादे गाणे 100 वेळा ऐकले की एक विक्री धरली जाते, तर जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांना त्याच एका विक्रीसाठी ते 600 वेळा ऐकावे लागते. फुकट ऐकणाऱ्यांत तरुण, विद्यार्थी आणि हातात पैसा कमी असणारे जास्त असणार हे उघड आहे, आणि घराबाहेर पडलेल्या किंवा पडू पाहणाऱ्या एलजीबीटी मुलांचाही त्यांत भरणा असणार. यादीत त्यांचे मत सहाव्या हिश्श्याचे आहे. आपले मत तर या दोन्ही याद्यांत मुळीच धरले जात नाही, कारण त्या आपापल्या देशापुरत्या आहेत. हिंगणघाटच्या बसस्थानकावर ऐकलेले गाणे बिलबोर्डच्या हिशेबात यायचे असेल, तर ते सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोबल 200’ या यादीत येते. ती 200 हून अधिक देश आणि प्रदेशांतील ऐकणी व विक्री मोजते.

या साऱ्याचा अर्थ यादी खोटी आहे असा नाही. बाजार समितीच्या फलकावर त्या दिवशीचा कापसाचा भाव लिहिलेला असतो, आपल्या गाडीतील कापसाचा धागा किती लांब आहे ते लिहिलेले नसते. क्रमवारीचेही तसेच आहे. ज्याला धागा तपासायचा आहे त्याने हात घालून पाहिले पाहिजे.

हात कसा घालावा, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे चॅपल रोन या गायिकेचे ‘पिंक पोनी क्लब’ हे गाणे. मिसूरी राज्यातील विलर्ड या लहानशा गावातून आलेल्या आणि स्वतः समलिंगी असल्याचे उघडपणे सांगणाऱ्या या गायिकेने ते एप्रिल 2020 मध्ये, म्हणजे ऐन टाळेबंदीत, प्रसिद्ध केले. नाचायच्या क्लबचे गाणे क्लबांना कुलपे असताना आले. कोणत्याही मोठ्या यादीत ते दिसले नाही आणि त्याच वर्षी तिच्या रेकॉर्ड कंपनीने तिच्याशी असलेला करार संपवला. सप्टेंबर 2023 मध्ये ते तिच्या पहिल्या अल्बममध्ये समाविष्ट झाले. त्या अल्बमनेही आल्या आल्या काही मोठी मजल मारली नाही. पुढच्या वर्षीच्या मैफलींतून आणि महोत्सवांतून तिचे नाव पसरत गेले, तेव्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये तो अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. फेब्रुवारी 2025 मध्ये तिला ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचा पुरस्कार मिळाला, त्या सोहळ्यात तिने हेच गाणे गायले, आणि मार्च 2025 मध्ये जवळजवळ पाच वर्षांपूर्वीचे हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. जो केवळ पहिला क्रमांक पाहत होता, त्याला ते पाच वर्षे उशिरा मिळाले.

गाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. घरातून निघून लॉस एंजेलिसच्या एका क्लबात नाचायला गेलेल्या मुलीची ही गोष्ट आहे आणि तिच्या आईला ते कळल्यावर काय होते, हा तिचा गाभा आहे. सुरुवातीला पियानो आणि एकटा आवाज आहे. तिथपर्यंत हे गाणे एखाद्या पत्रासारखे शांतपणे चालते. मग तालवाद्य येते, ध्रुपद उघडते, आणि शेवटी गिटारचा एक लांब तुकडा येतो तो निर्माता डॅन निग्रोने अजिबात हात आखडता न घेता सोडलेला आहे. मला यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की, गाण्यातील आई खलनायिका नाही. ती घाबरलेली आहे, आणि मुलगी तिला दुखवत असूनही तिची माया सोडत नाही. जी मुले बारावीनंतर नागपूरला, मग पुण्याला गेली आणि दिवाळीत घरी आल्यावर जेवणापुरते बोलतात, त्यांच्या आयांनी फोनवर विचारलेले प्रश्न या गाण्यात आहेत. इंग्रजी कच्चे असलेल्याने ॲपवर शब्द उघडून ठेवावेत. उच्चार स्पष्ट असल्यामुळे अडचण येत नाही.

याच गायिकेचे ‘गुड लक, बेब!’ हे एप्रिल 2024 चे गाणे यादीच्या दृष्टीने आणखी बोलके आहे. अमेरिकेच्या यादीत ते 77 व्या क्रमांकावर आले आणि महिनोन्‌महिने वर सरकत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. आपल्यावर प्रेम असूनही ते नाकारणाऱ्या, आणि पुढे कोणाची तरी बायको होऊन मध्यरात्री जागी होणार असलेल्या एका स्त्रीला उद्देशून ते म्हटले आहे. ध्रुपदात आवाज वरच्या पट्टीत निसटतो, आणि शेवटी सगळे संगीत हळूहळू मंदावत जाते. ‘लग्न केले की सगळे ठीक होईल’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्या सल्ल्याचा पुढचा भाग ज्याला ऐकायचा असेल त्याने हे गाणे ऐकावे. चालीच्या दृष्टीनेही ते मला तिच्या इतर गाण्यांपेक्षा सरस वाटते.

वरच्या क्रमांकावरील गाणी टाळावीत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ऑक्टोबर 2022 मध्ये सॅम स्मिथ आणि किम पेट्रास यांचे ‘अनहोली’ हे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिले आले, तेव्हा स्वतःला उघडपणे नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री किंवा पुरुष यांपैकी एकाच चौकटीत न बसणारे, म्हणणाऱ्या आणि उघडपणे पारलिंगी असणाऱ्या एकल कलावंतांना तो मान प्रथमच मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमीही मिळाले. गाणे छोटे, ठसठशीत आणि काहीसे नाटकी आहे; समूहगानाच्या थाटात ते सुरू होते आणि खर्जातील ठोक्यावर चालते. आमच्या भजनी मंडळातील पेटीवाल्या काकांना ते ऐकवले तेव्हा त्यांनी शब्दांकडे लक्ष न देता दोन-तीन सूर पेटीवर दाबून पाहिले आणि म्हणाले, “हे तं भैरवाच्या घरचं वाटून राह्यलं.” कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाणारी ती चाल कानाला खरोखरच परकी वाटत नाही. परंतु ज्या आठवड्यात ते पहिले होते त्या आठवड्याच्या यादीतील ओळ पाहिली, तर या विक्रमाचा तिथे उल्लेखही सापडत नाही. आकडा तेवढा दिसतो.

याद्या तटस्थ असतात हा समजही तपासून पाहावा लागतो. लिल नास एक्सचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे 2019 मध्ये ‘हॉट 100’ वर 19 आठवडे पहिले राहिले, आणि ते पहिल्या क्रमांकावर असतानाच, 30 जून 2019 रोजी, त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्याआधी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बिलबोर्डने ते गाणे कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकेतील ग्रामीण वळणाच्या संगीताच्या, यादीतून काढून टाकले होते, कारण त्यात कंट्री संगीताचे पुरेसे घटक नाहीत असे ठरवण्यात आले. एका कृष्णवर्णीय मुलाने घोड्यावर बसून गायलेले गाणे कोणत्या रकान्यात बसते याचा निर्णय यादी करणाऱ्यांनी घेतला आणि त्यावर बराच वाद झाला. मार्च 2025 मध्ये गोऱ्या चॅपल रोनचे ‘द गिव्हर’ हे गाणे त्याच कंट्री यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. ते फिडलच्या सुरावर नाचणारे, एका स्त्रीने स्त्रीसाठी गायलेले आणि पुरेसे खट्याळ गाणे आहे. सहा वर्षांत यादीचा रकाना किती रुंद झाला ते या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसते. त्यात गायकाच्या रंगाचा भाग किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

या चारांत मला ब्रिटनची यादी सर्वांत उपयोगी वाटते आणि त्याचे कारण तिच्या एका नियमात आहे. तेथे एका मुख्य कलावंताची एका वेळी तीनपेक्षा जास्त गाणी यादीत येऊ शकत नाहीत. अमेरिकेच्या यादीत असे बंधन नाही, त्यामुळे एखाद्या मोठ्या कलावंताचा अल्बम आला की त्यातील गाणी यादीवर पूर येतो तशी पसरतात. ऑक्टोबर 2022 मध्ये टेलर स्विफ्टच्या गाण्यांनी पहिल्या दहाही जागा व्यापल्या होत्या. त्या आठवड्यात साठाव्या-सत्तराव्या जागी येऊ शकले असते असे एखाद्या लहान कलावंताचे गाणे यादीबाहेर राहते आणि आपल्यापर्यंत पोचतच नाही. डिसेंबरात नाताळची जुनी गाणी हेच काम करतात. ब्रिटनच्या यादीत नाताळचा उपद्रव आहेच, परंतु अल्बमचा पूर तरी अडवलेला आहे.

जीजी पेरेझचे ‘सेलर साँग’ हे गाणे मला या यादीनेच दिले. जुलै 2024 मध्ये आलेले हे गाणे त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकापर्यंत गेले. अमेरिकेत ते पहिल्या दहातही पोचले नाही. गिटार, एकावर एक रचलेला स्वतःचाच आवाज, आणि एका मुलीवरचे उघड, विव्हळ प्रेम एवढाच त्याचा ऐवज आहे. ध्वनिमुद्रणात घरगुती खरखर आहे आणि ती मुद्दाम घासून काढलेली नाही. स्वस्त इअरफोनवर हे गाणे महागड्या इअरफोनपेक्षा फार वेगळे ऐकू येत नाही, हा त्याचा व्यावहारिक गुणही नोंदवण्यासारखा आहे. तिकडे ते टिकटॉकवरून पसरले. भारतात टिकटॉकवर 29 जून 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे अशी गाणी आपल्याकडे रीलच्या वाटेने किंवा यादीच्या वाटेने, थोडी उशिरा येतात. यादीचे महत्त्व आपल्याकडे वाढले आहे ते अशा कारणांनीही.

हळू चढणाऱ्या गाण्यांत केहलानीचे ‘फोल्डेड’ हे जून 2025 चे गाणे घ्यावे. ही गायिका स्वतः समलिंगी असल्याचे सांगते. प्रियकराचे, किंवा प्रेयसीचे, घरात राहिलेले कपडे घडी करून ठेवले आहेत, येऊन घेऊन जा, एवढ्याशा निमित्ताभोवती ते रचले आहे. आणि काही महिन्यांच्या चढणीनंतर ते अमेरिकेत पहिल्या दहात आले. आर अँड बी धाटणीचे असले तरी घराघरात ऐकण्याजोगे आहे. कॅट्सआय या सहा मुलींच्या गटाचे मात्र मी मर्यादित कौतुक करीन. त्यातील लारा राज ही भारतीय वंशाची, तमिळ घरातील मुलगी कपाळावर टिकली लावून मंचावर येते आणि मार्च 2025 मध्ये तिने आपण क्विअर, म्हणजे रूढ लैंगिक चौकटीत न बसणारी, असल्याचे चाहत्यांना सांगितले, ही बाब आपल्यासाठी महत्त्वाची आहे. तथापि त्यांचे ‘नार्ली’ हे गाणे म्हणजे गोंगाटाची कसरत आहे; ‘गॅब्रिएला’ त्यापेक्षा पुष्कळ बरे.

आता आपल्याकडच्या याद्या. यूट्यूबची भारतातील साप्ताहिक यादी फुकट पाहणाऱ्यांनाही मोजते आणि 2019 पासून जाहिरात म्हणून पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज तिच्यातून वगळले जातात, ही दोन्ही धोरणे स्वागतार्ह आहेत. वेचणीला निघालेल्या बाया ज्या फोनवर गाणी लावतात, तो फोन या यादीत खऱ्या अर्थाने मोजला जातो. परंतु हिंदी चित्रपटगीते, पंजाबी आणि भोजपुरी गाणी यांनी ती एवढी भरलेली असते की, एलजीबीटी कलावंतांच्या स्वतंत्र गाण्याला तिथे जागा क्वचितच मिळते. प्रादेशिक गाण्याला जागा मिळतच नाही असे नाही. 2024 मध्ये ‘गुलाबी साडी’ हे मराठी गाणे रील्सच्या जोरावर देशभर वाजले. म्हणजे वाट आहे, पण ती नाचता येण्याजोग्या तीस सेकंदांतून जाते.

जानेवारी 2016 मध्ये ‘सिक्स पॅक बँड’ हा पारलिंगी कलावंतांचा पॉप गट मुंबईत सुरू झाला होता. यशराजच्या युवा शाखेने तो उभा केला, एका चहाच्या ब्रँडने त्याला पैसा पुरवला आणि त्याच वर्षी कान येथील जाहिरात महोत्सवात त्या उपक्रमाला मोठे पारितोषिक मिळाले. टाळी वाजवत गाणाऱ्या त्या सहा जणी उत्तम तालात होत्या, आणि लग्न-बारशाला ज्यांना आपण दारात उभे करून पैसे देतो, त्यांना स्टुडिओत उभे राहून गाताना पाहणे मला आजही महत्त्वाचे वाटते. मात्र पारितोषिक जाहिरातीला मिळाले. गाण्यांचे पुढे सातत्य राहिले नाही आणि आठवड्यांच्या रकान्यात सातत्यालाच किंमत असते. सुशांत दिवगीकर यांनी 2018 मध्ये ‘सा रे ग म प’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत पुरुषी आणि स्त्री अशा दोन्ही आवाजांत गाऊन परीक्षकांना थक्क केले, पण त्या कार्यक्रमाचे प्रेक्षक आणि साप्ताहिक यादीचे श्रोते हे दोन वेगळे समूह आहेत असे दिसते.

पुरुषाने स्त्रीवेषात मंचावर येणे विदर्भाला नवे नाही. झाडीपट्टीतील दंडार आणि खडी गंमत यांत पुरुषांनी स्त्रियांच्या भूमिका पिढ्यान्‌पिढ्या केल्या आणि गावाने त्यांना टाळ्या दिल्या. तो सोंगाचा मान होता आणि सोंग उतरल्यावर तो संपत असे; नव्या पॉप गायकांना सोंगाचा आधार घ्यायचा नाही, एवढा फरक मला महत्त्वाचा वाटतो. लंडनचा लिओ कल्याण हा दक्षिण आशियाई मुस्लीम घरातील समलिंगी गायक सरगम आणि इंग्रजी पॉप एकाच श्वासात गातो. पेटीवाल्या काकांना तो सर्वांत जास्त आवडला. आठवड्याच्या याद्या चाळून तो कोणालाही सापडणार नाही, आणि म्हणून केवळ याद्यांवर विसंबणाऱ्याचे नुकसान किती, हे त्याच्या नावावरून मोजावे.

स्पॉटिफायची साप्ताहिक यादी मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. तिच्यात देश बदलता येतो, 200 गाणी दिसतात, आणि मागच्या आठवड्याशी तुलना करणारे रकाने नीट मांडलेले आहेत. भारताची यादी पाहून झाल्यावर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, ब्राझील अशा याद्या उघडाव्यात आणि साठाव्या क्रमांकाच्या खाली जी गाणी चार-पाच आठवडे टिकून आहेत तेवढीच वेगळी काढावीत. गायक कोण आहे ते नंतर शोधावे. आधी ओळख पाहून मग गाणे निवडले, तर कंटाळवाणी गाणीही कर्तव्य म्हणून ऐकावी लागतात, आणि तशी गाणी या गटातही इतर कोणत्याही गटाइतकीच आहेत.

‘हॉट 100’ चे वरचे दहा क्रमांक साधारणपणे सोमवारी आणि पूर्ण यादी मंगळवारी येते. ब्रिटनची यादी आपल्याकडे शुक्रवारी रात्री दिसते. नवी गाणी मात्र गुरुवारच्या मध्यरात्रीच ॲपवर उतरतात. रब्बीत हरभऱ्याला ओलित करणाऱ्याची लाइन रात्रीची असेल तर तो तेव्हा जागाच असतो, आणि धुऱ्यावर नेटवर्क पुष्कळदा गावातल्यापेक्षा बरे मिळते. मोटार चालू असेपर्यंत आठ-दहा गाणी सहज ऐकून होतात.

वर्गणी भरावी की नाही, हा प्रश्न उरतो. यादी पाहण्यासाठी ती अजिबात लागत नाही. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवायची असतील तरच ती भरावी, आणि भरायची असल्यास जूनमध्ये भरावी. त्या महिन्यात प्राइडच्या, म्हणजे एलजीबीटी समूहाच्या अभिमान-उत्सवाच्या, निमित्ताने सगळ्याच कंपन्या एलजीबीटी कलावंतांच्या याद्या पुढे आणतात, जुलै लागला की त्यातील बऱ्याच मागे पडतात. आणि नेमका जून हा आपल्याकडे मृगाचा, पेरणीचा महिना असल्यामुळे ऐकायला सवड कोणालाच नसते. म्हणून जूनमध्ये उतरवून घ्यावीत आणि पऱ्हाटीला डवरणी चालू झाल्यावर सवडीने ऐकावीत. वर्गणी थांबली की उतरवलेली गाणीही बंद होतात, तेव्हा ती निदान पोळ्यापर्यंत चालू ठेवावी.